उसाच्या पानाचं कोडं

१९५०च्या दशकात होनोलुलूच्या एका प्रयोगशाळेत उसाच्या पानाने असं उत्तर दिलं, की ते छापून जगापुढे सविस्तर ठेवायला १९६५ साल उजाडलं. ही प्रयोगशाळा विद्यापीठाची नव्हती. हवाई बेटांवरच्या ऊसमळेवाल्यांच्या संघाने चालवलेलं ते संशोधन केंद्र होतं. खत किती लागतं, कुठली जात रोगाला टिकते, साखरेचा उतारा कशाने वाढतो, असे तिथले रोजचे प्रश्न. कॉन्स्टन्स हार्ट तिथे १९३०च्या दशकापासून एकाच गोष्टीच्या मागे होत्या : उसाच्या पानात साखर तयार कशी होते आणि ती कांड्यांपर्यंत पोचते कशी. त्यांच्या जोडीला होते जीवरसायनतज्ज्ञ ह्यूगो कोर्टशॅक आणि जॉर्ज बर. या बर यांचं नाव आहारशास्त्रात आधीच मोठं होतं. काही स्निग्धाम्लं अन्नातून मिळाल्याशिवाय प्राण्याचं चालत नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी १९२९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

या तिघांनी उसाच्या पानाला प्रखर उजेडात किरणोत्सारी कार्बनचा कर्बवायू दिला आणि पान काही सेकंदांतच मारून त्याचा अर्क तपासला. हवेतला कार्बन पानात शिरल्यावर सर्वांत आधी कुठल्या पदार्थात सापडतो, हे त्यांना पाहायचं होतं. उत्तर ठरल्यासारखंच होतं. फॉस्फोग्लिसरिक आम्ल सापडायला हवं होतं, तीन कार्बन अणूंचं. सापडली मॅलिक आणि ॲस्पार्टिक ही आम्लं, चार-चार कार्बन अणूंची. पुन्हा करून पाहिलं तरी तेच.

उत्तर ठरल्यासारखं का होतं, हे कळायला कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला जावं लागतं. मार्टिन केमन आणि सॅम्युएल रूबेन यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये तिथे कार्बन-१४ शोधला. महायुद्ध संपल्यावर त्याच आवारात मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी या कार्बनच्या साहाय्याने प्रकाशसंश्लेषणाचा माग काढायला घेतला. चपट्या काचपात्रात हिरवं शैवाल, दोन्ही बाजूंनी दिवे, मध्येच किरणोत्सारी कार्बनचा शिरकाव आणि लगेच तोटी उघडून सगळं गरम अल्कोहोलमध्ये. मग अर्काचा थेंब गाळणकागदावर ठेवून द्रावणं एकदा उभी, एकदा आडवी चढवायची, आणि त्या कागदावर एक्स-रेची फिल्म दाबून ठेवायची. किरणोत्सारी कार्बन ज्या पदार्थात असेल त्या जागी फिल्मवर काळा ठिपका उमटतो. असे ठिपके ओळखता ओळखता, वर्षांमागून वर्षं, त्यांनी सगळं चक्र जुळवलं. १९६१ मध्ये कॅल्व्हिन यांना नोबेल मिळालं. हिरवी वनस्पती म्हटली की पहिला पदार्थ तीन कार्बनचा, हे आता शास्त्राचं घट्ट ज्ञान झालं होतं.

बर्कलेचं काम थोर होतं, यात शंका नाही. पण ते झालं मुख्यतः क्लोरेला आणि सेनेडेस्मस या शैवालांवर, कारण ती प्रयोगशाळेत वाढवायला सोयीची. त्यांना पान नाही, शिरा नाहीत, एकेक पेशी पाण्यात तरंगत असते. सोयीच्या जिवावर सापडलेलं सत्य सगळ्या हिरव्या सृष्टीला लागू आहे असं गृहीत धरलं गेलं, आणि हे गृहीतक उसाने मोडलं. साखर मळ्यांच्या संशोधकांना सोय पाहण्याची मुभा नव्हती. त्यांचं पीक ऊस, म्हणून त्यांनी ऊस तपासला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरी होनोलुलूच्या मंडळींनी घाई केली नाही. १९५७ मध्ये एका परिषदेत त्यांनी त्रोटक टिपण मांडलं, संघाच्या वार्षिक अहवालांत उल्लेख येत राहिले, आणि सविस्तर निबंध 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात छापून आला तो १९६५ मध्ये.

दरम्यान तीच गोष्ट दुसऱ्याच टोकाला, सोव्हिएत रशियातल्या कझान शहरात, यूरी कार्पिलोव यांना मक्याच्या पानात दिसली होती. त्यांचा निबंध १९६० मध्ये तिथल्या कृषी संस्थेच्या प्रकाशनात रशियन भाषेत छापला गेला, आणि बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली ती दशक संपता संपता.

*

कोड्याचा दुसरा अर्धा भाग मात्र फार जुना होता. तो पाहायला किरणोत्सारी कार्बन लागत नाही; वस्तऱ्याचं पातं आणि महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. उसाच्या ताज्या पानाचा छोटा तुकडा गाजराच्या खाचेत धरून आडवे पातळ काप काढावेत आणि त्यांतला सर्वांत पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावा. आधी नजरेत भरतात त्या शिरा, अगदी जवळजवळ, एकीनंतर एक. प्रत्येक शिरेभोवती मोठाल्या पेशींचं कडं असतं. या पेशींच्या भिंती जाड, आणि त्यांचा हिरवा रंग बाकीच्या पानाहून गडद. या कड्याला लागून बाहेरच्या बाजूने लहान, फिक्या हिरव्या पेशींचं आणखी एक कडं, त्यातली प्रत्येक पेशी शिरेकडे रोख धरून उभी. पानाच्या वरच्या त्वचेत मधूनमधून फुगीर, रंगहीन पेशींचे झुपके दिसतात. पाणी कमी पडलं की याच पेशी आक्रसतात आणि पानाची सुरळी होते. आता याच्या शेजारी गव्हाच्या पानाचा काप ठेवावा. शिरा दूर दूर, त्यांच्याभोवतीच्या कड्यात हिरवा रंग जवळजवळ नाहीच, आणि हिरव्या पेशी मधल्या सगळ्या जागेत पसरलेल्या.

हा फरक ग्राझ इथले ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी टिपला. वनस्पतीच्या शरीराचा प्रत्येक भाग कशासाठी तसा आहे, हा त्यांचा कायमचा प्रश्न. १८८४ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात शिरेभोवतीच्या या दुहेरी कड्याचं वर्णन आहे, आणि जर्मनमध्ये हाराला म्हणतात त्यावरून ही रचना पुढे 'क्रान्झ' या नावाने ओळखली जाऊ लागली. हाबरलांट वर्णनावर थांबले नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या हिरव्या पेशींमध्ये कामाची काहीतरी वाटणी असली पाहिजे, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. वाटणी कसली, हे सांगायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. जीवरसायनशास्त्राचा तेव्हा जेमतेम आरंभ झालेला होता.

पुढची साठेक वर्षं हा हार पाठ्यपुस्तकांत चित्र होऊन राहिला. मार्कस ऱ्होड्स आणि ब्राझीलचे अल्सिडेस कार्व्हाल्यो यांनी १९४४ मध्ये मक्याच्या पानात पाहिलं, की दिवसभरात तयार होणारा स्टार्च साठतो तो फक्त आतल्या कड्यातल्या पेशींत; बाहेरच्या पेशी भर उन्हात असूनही रिकाम्या. म्हणजे वाटणी आहे, हे जवळजवळ सिद्धच झालं होतं. शारीरविज्ञानाच्या नियतकालिकांत हा पुरावा पडून राहिला आणि रसायनवाल्यांच्या नजरेस आला नाही. पिकांची पाण्याची गरज मोजणाऱ्या लोकांकडे तिसरा पुरावा होता. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी १९१०च्या दशकात कुंड्यांतली रोपं रोजच्या रोज वजन करून हिशेब मांडला होता. एक किलो कोरडा पाला-दाणा तयार करायला ज्वारीला सुमारे ३०० किलो पाणी लागे, गव्हाला ५०० च्या वर, आणि लसूणघासाला ८०० च्या वर. मका आणि ज्वारी एका गटात, गहू आणि डाळवर्गीय पिकं दुसऱ्या गटात. हे असं का, याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही.

*

हे सगळे धागे एकत्र आले ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, आणि तेही साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत. इंडुरूपिली या उपनगरात कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचं वनस्पती संशोधन केंद्र होतं. तिथे पर्थचे हॅल हॅच आणि इंग्लंडहून आलेले रॉजर स्लॅक उसातल्या साखरेवर काम करत होते. हवाईतल्या विचित्र निकालाची कुणकुण त्यांना आधीपासून होती आणि त्याचा अर्थ काय असेल यावर त्यांच्या गप्पाही होत. १९६५ मध्ये कोर्टशॅक, हार्ट आणि बर यांचा निबंध हाती आल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

त्यांनी वेळेचा हिशेब फार बारकाईने मांडला. पानाच्या तुकड्यांना क्षणभर किरणोत्सारी कर्बवायू द्यायचा, लगेच साध्या हवेत आणायचं, आणि ठरलेल्या सेकंदांनी एकेक तुकडा उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकायचा. असं केलं की आधी आत शिरलेला किरणोत्सारी कार्बन पुढे कुठे कुठे जातो याची मालिकाच हाती येते. सुरुवातीला जवळजवळ सगळा कार्बन मॅलिक आणि ॲस्पार्टिक आम्लांत, शिवाय ऑक्झॅलोॲसिटिक आम्लात. हे तिसरं आम्ल इतकं नाजूक की नेहमीच्या पद्धतीत ते अर्क काढता काढताच मोडतं. हॅच-स्लॅक यांनी ते आधी दुसऱ्या रसायनाशी बांधून घेतलं आणि मगच मोजलं. पुढच्या सेकंदांत या आम्लांतला कार्बन उतरत गेला आणि फॉस्फोग्लिसरिक आम्लात चढत गेला, तिथून साखरेच्या फॉस्फेटांत आणि शेवटी उसाच्या साखरेत. मॅलिक आम्लाच्या चार कार्बनपैकी नवा कार्बन नेमका कुठे बसतो, हेही त्यांनी रेणू तोडून पाहिलं. तो चौथ्या जागेवर होता. १९६६ मध्ये हे सगळं 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे कॅल्व्हिन यांचं चक्र उसातही होतं. फक्त त्याच्या आधी आणखी एक टप्पा होता, चार कार्बनचा. पुढे त्याला सी-फोर मार्ग म्हणू लागले.

इथे एक अडचण आली आणि ती मला मूळ शोधाइतकीच बोधक वाटते. कॅल्व्हिनच्या चक्रात कर्बवायू पकडतं ते विकर, ज्याला आज रुबिस्को म्हणतात, ते उसाच्या पानाच्या अर्कात फारच कमी सापडत होतं. त्यामुळे सुरुवातीला असं मानलं गेलं, की चौथा कार्बन मोकळा न होता एका रेणूवरून दुसऱ्यावर थेट जात असावा. खरं कारण वेगळंच निघालं. पान वाटताना बाहेरच्या पातळ भिंतींच्या पेशी फुटत आणि आतल्या कड्यातल्या जाड भिंतींच्या पेशी तशाच राहत. रुबिस्को होतं ते या न फुटलेल्या पेशींत. पान आणखी जोर लावून वाटलं तेव्हा ते भरपूर मिळालं. हाबरलांट यांनी चित्रात काढलेल्या जाड भिंतींनीच जीवरसायनवाल्यांना चकवलं होतं. पानाची रचना बाजूला ठेवून त्याचं रसायन समजत नाही, हे त्या दिवसांत सगळ्यांना पटलं.

१९७० च्या सुमारास दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या करून तपासायचं तंत्र जमलं आणि कामाची वाटणी स्पष्ट झाली. बाहेरच्या पेशी हवेतला कर्बवायू पकडतात आणि चार कार्बनच्या आम्लाच्या रूपाने आतल्या पेशींकडे पाठवतात. आतल्या पेशी त्या आम्लातून कर्बवायू पुन्हा मोकळा करतात, आणि तिथे थांबलेलं रुबिस्को त्यापासून साखरेची सुरुवात करतं. उरलेला तीन कार्बनचा रेणू परत बाहेर, पुढची खेप आणायला. ऊसतोडीच्या टोळ्यांनी शिवारभरातला ऊस गोळा करून कारखान्याच्या गव्हाणीत आणून टाकावा, अशी ही व्यवस्था आहे. १९७० च्या अखेरीस कॅनबेराला जगभरचे तज्ज्ञ जमले तेव्हा शारीरविज्ञान, रसायन आणि शेती या तिन्ही बाजूंचे लोक पहिल्यांदाच एका खोलीत बसून एकाच पानाबद्दल बोलले.

*

एवढा खटाटोप वनस्पतीने कशासाठी केला? याचं उत्तर १९७१ मध्ये इलिनॉयमधल्या बोज, ऑग्रेन आणि हेगमन यांच्या कामातून मिळालं. रुबिस्को कर्बवायूऐवजी प्राणवायूही पकडतं. हवेत प्राणवायू २१ टक्के, आणि कर्बवायू तेव्हा जेमतेम ०.०३ टक्के. चुकून प्राणवायू पकडला की तयार झालेला रेणू दुरुस्त करण्यात ऊर्जा जाते आणि आधी मिळवलेल्या कार्बनचा काही भाग कर्बवायू होऊन निघून जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊन तापलं की ही चूक वाढते. उसाच्या पानात रुबिस्को आतल्या कड्यात बंदिस्त असतं आणि तिथे कर्बवायू हवेच्या कित्येक पट साचवलेला असतो, त्यामुळे चुकीला वावच उरत नाही.

याचा परिणाम डोळ्यांनी दिसेल असा एक प्रयोग त्या काळात झाला. मक्याचं आणि सोयाबीनसारखं रोप एकाच हवाबंद पेटीत उजेडात ठेवायचं. कर्बवायू दशलक्षात पन्नासेक भागांवर आला की सोयाबीनची कमाई आणि खर्च सारखे होतात. मका मात्र तो जवळजवळ शून्यापर्यंत ओढतच राहतो. काही दिवसांत सोयाबीन उपासमारीने मरतं, आणि त्याच्या अंगातून सुटणारा कार्बनही मक्याच्या वाट्याला जातो.

कोलोरॅडोच्या कुंड्यांचा उलगडाही यातच आहे. कर्बवायू इतक्या जोराने ओढता येत असेल, तर पर्णरंध्रं सताड उघडी ठेवावी लागत नाहीत, आणि पर्णरंध्रं कमी उघडली की पाण्याची वाफ कमी जाते. अर्थात या व्यवस्थेला जादा ऊर्जा लागते, म्हणून थंड, ढगाळ हवेत तिचा फायदा राहत नाही. जगातल्या फुलझाडांच्या जातींपैकी सी-फोर जाती तीन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण जमिनीवरच्या वनस्पती जेवढा कार्बन पकडतात त्याचा सुमारे चौथा हिस्सा या मूठभर जातींचा. आणि ही रचना एकदा निर्माण होऊन पसरली, असंही नाही. वेगवेगळ्या कुळांत ती साठहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे.

महाराष्ट्रात हे वाचताना आपल्या ताटाकडे पाहावं. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, मका ही सगळी या गटातली. राजगिरा आणि माठ गवत नसूनही याच गटातले, घोळीची भाजीसुद्धा. शेतकऱ्याला हैराण करणारी हरळी आणि लव्हाळा हेही यातलेच, आणि भर उन्हाळ्यात ते का हटत नाहीत याचं निदान एक कारण त्यांच्या पानात आहे. गहू, भात, तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस हे मात्र जुन्या, तीन कार्बनच्या वाटेने जाणारे. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर उभी राहते आणि कणसं भरते, त्यात त्या पानाचा फार मोठा वाटा आहे.

उसाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उसाचं पान पाण्याच्या बाबतीत काटकसरी आहे, ऊस हे पीक काटकसरी नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, तिन्ही ऋतू पाणी पितो, आणि त्याचं एकरी वजनही प्रचंड असतं. किलोमागे पाणी कमी लागलं तरी एकूण पाणी अफाट लागतं. दुष्काळी तालुक्यात उसाचं समर्थन करायला या शोधाचा आधार कोणी घेऊ नये. त्याच शोधाचा न्याय लावला तर ज्वारी-बाजरीचं क्षेत्र महाराष्ट्रात वर्षानुवर्षं घटत गेलं, याची चिंता जास्त वाटायला हवी.

कोकणातल्या आणि मावळातल्या भाताला ही युक्ती शिकवता येईल का, हा प्रश्न आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांत आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन सुरू केलेल्या प्रकल्पात २००८ पासून भाताच्या पानात क्रान्झसारखी रचना आणण्याची खटपट चालू आहे. विकरांची जनुकं घालणं तुलनेने सोपं ठरलं. अवघड आहे ते पानाची बांधणी बदलणं, शिरा जवळ आणणं, आतल्या कड्याच्या पेशी हिरव्या करणं. अजून शेतात लावण्याजोगा असा भात तयार झालेला नाही.

या शोधाला नोबेल मिळालं नाही. १९८१ मध्ये हॅच, स्लॅक आणि कोर्टशॅक यांना मिळून ब्रिटनचं रँक पारितोषिक मिळालं. त्यानंतर दोन वर्षांनी कोर्टशॅक वारले. हॅच-स्लॅक यांनी आपल्या पहिल्याच निबंधात हवाईच्या कामाचा ठळक उल्लेख केला होता, त्यांच्याकडून कसूर झाली नाही. आपल्या अकरावीच्या जीवशास्त्रात मात्र हा धडा 'हॅच-स्लॅक मार्ग' म्हणून शिकवला जातो आणि तेवढ्यावरच संपतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, की फळ्यावर ती दोन नावं लिहिताना त्यांच्या आधी हार्ट, कोर्टशॅक आणि बर ही नावं लिहावीत, कार्पिलोव यांचंही लिहावं, आणि त्या तासाला ज्वारीचं एक ताजं पान व एक पातं वर्गात न्यावं.